कूपर, सर धनजीशा बोमनजी

कूपर, सर धनजीशा बोमनजी : (१८७८–१९४७). मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान, साताऱ्यातील एक प्रमुख उद्योजक आणि मुंबई सरकारच्या अर्थखात्याचे एक कारभारी. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार १ एप्रिल १९३७ रोजी प्रांतिक स्वायत्तता अंमलात आली. त्या वेळी विधानसभेतील सर्वांत मोठ्या पक्षाने, म्हणजे काँग्रेसने, अधिकारग्रहण करण्यास नकार दिल्यामुळे मुंबईत जे अंतरिम मंत्रिमंडळ बनविण्यात आले, त्याचे कूपर हे प्रमुख होते. हे मंत्रिमंडळ १९ जुलै १९३७ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेतीन महिने, अधिकारावर होते. या काळात त्याला विधानसभेपुढे एकदाही जावे लागले नाही. प्रांताच्या मुख्य मंत्र्यास त्या काळी पंतप्रधान म्हणत. मुख्यमंत्री हे नामाभिधान भारताच्या संविधानाने १९५० मध्ये रूढ केले. यामुळे आजच्या महाराष्ट्रातील मुख्यमंत्रिपदाची पूर्वपरंपरा सांगताना कूपर यांच्या नावापासून आरंभ करावा लागतो, तथापि त्यांची कारकीर्द सामान्यतः विस्मृतीत गेली आहे.

पूर्वायुष्य व उद्योग : कूपर यांचा जन्म सातारा येथे एका सामान्य स्थितीतील पारशी कुटुंबात झाला. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा पाया उद्योगधंद्यात होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दक्षिण महाराष्ट्रात लोखंडी नांगरांच्या निर्मितीचा नवा उद्योग उदयास आला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळ कारखाना हलवून किर्लोस्करवाडीची स्थापना केली. लोखंडाने जमीन बिघडते, या समजुतीमुळे प्रारंभी शेतकरी हे नांगर घेण्यास कचरत. परंतु खोल नांगरटीचे लाभ दिसू लागल्यावर काळ्या जमिनीच्या प्रदेशात त्यांस मागणी वाढली. पहिल्या महायुद्धात विलायती मालाची आवक घटल्यामुळे देशी कारखान्यांस आणखी वाव मिळाला. या परिस्थितीत १९२२ च्या सुमारास कूपर यांनी पुणे–मिरज लोहमार्गावरील सातारा रोड स्थानकाजवळ, कोरेगाव तालुक्यातील पाडळी गावी, आपला अभियांत्रिकी कारखाना उभारला. सातारा शहर लोहमार्गापासून दूर असल्यामुळे कच्चे लोखंड व कोळसा आणणे आणि तयार माल पाठविणे या दोन्ही दृष्टींनी ही जागा सोयीची होती. नांगरांबरोबरच तेथे शेतीची अन्य अवजारे व पुढे तेल एंजिनेही तयार होऊ लागली. १९४० मध्ये हा कारखाना वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाकडे गेला. स्वातंत्र्योत्तर काळात खडकी, पिंपरी व चिंचवड या पट्ट्यात जो अभियांत्रिकी उद्योग वाढला, त्याच्या कितीतरी आधी सातारा व सांगली भागांत नांगर आणि एंजिने यांच्या कारखानदारीची ही परंपरा निर्माण झाली होती.

कारखान्याच्या आरंभकाळाशी कर्मवीर भाऊराव पाटील यांचेही नाव निगडित आहे. भाऊरावांनी किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीचे काम केले होते आणि या व्यवसायाची त्यांना चांगली माहिती होती. कारखान्याच्या नफ्यातील काही भाग शिक्षणकार्यास मिळावा, या अपेक्षेने त्यांनी कूपर यांना साहाय्य केले. परंतु हे आश्वासन पाळले गेले नाही, यावरून दोघांत तीव्र वितुष्ट आले आणि भाऊराव बाहेर पडले, असे भाऊरावांच्या चरित्रांत नमूद आहे. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेची पुढील वाढ लोकवर्गणी व स्वावलंबी वसतिगृहे यांच्या बळावर झाली. साताऱ्याच्या ग्रामीण समाजात कूपर यांच्याविषयी जी प्रतिकूल भावना पुढे दिसून येते, तिच्या मुळाशी अन्य कारणांबरोबर हा तंटाही होता.

सार्वजनिक जीवन : सातारा नगरपालिका आणि जिल्हा लोकल बोर्ड या स्थानिक स्वराज्य संस्थांतून कूपर राजकारणात आले व नंतर मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले. सत्यशोधक समाजाच्या कार्यामुळे सातारा जिल्ह्यात ब्राह्मणेतर चळवळीस भक्कम आधार होता. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार विधिमंडळाच्या निवडणुका होऊ लागल्यावर या चळवळीतून राजकीय पक्ष उभा राहिला. कूपर हे पारशी असले, तरी जिल्ह्याच्या राजकारणात ते या पक्षाशी निगडित होते. सुधारणा राबवून मिळतील तेवढे अधिकार व सवलती पदरात पाडून घ्याव्या, हे पक्षाच्या जुन्या नेतृत्वाचे धोरण होते. १९३० च्या कायदेभंगानंतर मात्र केशवराव जेधे यांच्यासारखे तरुण पुढारी काँग्रेसकडे वळले आणि त्यांच्यामागोमाग बहुजन समाजाचा मोठा भागही त्या पक्षात गेला. कूपर सरकारशी सहकार्य करणाऱ्या गटातच राहिले. त्यांचे अधिकार वाढत गेले, त्याच काळात त्यांचा लोकमतातील आधार क्षीण होत गेला.

१९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती सुरू झाली होती. तीनुसार शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य इ. ‘सोपीव’ खाती मंत्र्यांकडे, तर अर्थ, पोलीस, तुरुंग इ. ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाच्या सदस्यांकडे असत. मंत्री विधिमंडळाला जबाबदार असत, कार्यकारी मंडळाचे सदस्य नसत. कूपर यांनी या दोन्ही बाजूंनी काम केले : प्रथम ते स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री होते आणि द्विदल पद्धतीच्या अखेरच्या काळात कार्यकारी मंडळाचे सदस्य म्हणून त्यांच्याकडे अर्थखाते होते. त्यांना ‘सर’ हा किताबही मिळाला. प्रांतिक स्वायत्ततेच्या उंबरठ्यावर असलेल्या प्रांताच्या जमाखर्चाची त्यांना आतून माहिती होती. पुढे त्यांची निवड होण्यात या अनुभवाचाही वाटा असावा.

मुंबईची आर्थिक स्थिती : मुंबई हा भारतातील सर्वांत उद्योगप्रधान प्रांत, परंतु त्याच्या सरकारची तिजोरी मात्र नेहमी ओढग्रस्त असे. १९२० च्या मेस्टन निवाड्यानुसार प्राप्तिकराचे उत्पन्न मुख्यतः मध्यवर्ती सरकारकडे गेले आणि प्रांताकडे जमीनमहसूल, अबकारी, मुद्रांकशुल्क, जंगल यांसारखी साधने राहिली. उद्योगांची भरभराट झाली, तरी तिचा लाभ प्रांतास थेट मिळत नसे. त्यातच बॅकबे भरणी योजनेचे अपयश व सिंधमधील सक्कर धरणाचे मोठे कर्ज यांचा भार पडला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, महसुलाची वसुली अवघड झाली आणि शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा वाढला. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध हा स्वतंत्र प्रांत झाला. त्याच वर्षी सर ऑटो निमायर यांनी प्रांत व केंद्र यांच्या आर्थिक संबंधांविषयीचा आपला अहवाल सादर केला. त्यानुसार प्राप्तिकरातील प्रांतांना द्यावयाच्या रकमेपैकी मुंबई व बंगाल यांना प्रत्येकी २० टक्के वाटा ठरविण्यात आला. परंतु केंद्राची आर्थिक घडी बसेपर्यंत या रकमेतून काही भाग राखून ठेवण्याची मुभा केंद्रास होती. अशा रीतीने नव्या मंत्रिमंडळाच्या वाट्यास अधिक अधिकार व मर्यादित पैसा यावयाचा होता. कर्जनिवारण, सारासूट व दारूबंदी या मागण्या लोकांपुढे होत्या, आणि अबकारी हे प्रांताच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. त्यामुळे कोणताही महत्त्वाचा आर्थिक निर्णय विधानसभेच्या पाठबळावाचून घेणे शक्य नव्हते.

१९३७ च्या निवडणुका व घटनात्मक पेच : १९३५ च्या कायद्याने प्रांतांतील द्विदल पद्धती रद्द झाली व सर्व खाती मंत्र्यांकडे आली. मुंबईत १७५ सदस्यांची विधानसभा व तीसच्या आसपास सदस्यांची विधान परिषद अशी दोन सभागृहे निर्माण झाली. मताधिकार मालमत्ता, कर, शिक्षण इ. अटींवर आधारलेला होता. तरी मतदारांची संख्या पूर्वीच्या मानाने कितीतरी वाढली. १९३७ च्या आरंभी झालेल्या निवडणुकांत मुंबईत काँग्रेसला ८६ जागा मिळाल्या. स्पष्ट बहुमतास दोन जागा कमी पडत होत्या. उरलेल्या जागा मुस्लिम लीग, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेला स्वतंत्र मजूर पक्ष, ब्राह्मणेतर व लोकशाही स्वराज्य पक्षाचे सदस्य, अपक्ष, यूरोपीय, जमीनदार, व्यापारी इत्यादींत विभागल्या गेल्या. त्यांना एकत्र आणणारा कार्यक्रम किंवा नेता नव्हता. बाळ गंगाधर खेर यांची काँग्रेस विधिमंडळ पक्षाच्या नेतेपदी निवड झाली.

काँग्रेसने नव्या कायद्यास विरोध म्हणूनच निवडणुका लढविल्या होत्या. अधिकारग्रहण करावे किंवा नाही, यासंबंधी पक्षात दोन मते होती. मार्च १९३७ मध्ये दिल्ली येथे भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत मध्यममार्ग काढण्यात आला : मंत्र्यांच्या घटनात्मक कार्यात गव्हर्नर आपल्या विशेष अधिकारांचा वापर करून हस्तक्षेप करणार नाही किंवा त्यांचा सल्ला डावलणार नाही, असे पक्षनेत्यास जाहीरपणे सांगता आले, तरच मंत्रिपदे स्वीकारावी, असे ठरले. हे विशेष अधिकार नाममात्र नव्हते. कायद्याच्या ५२ व्या कलमाने शांततेस गंभीर धोका टाळणे, अल्पसंख्याकांच्या न्याय्य हितांचे संरक्षण, सरकारी नोकरांचे हक्क, संस्थानिकांचे हक्क इ. विशेष जबाबदाऱ्या गव्हर्नरवर टाकल्या होत्या व त्यांबाबत मंत्र्यांचा सल्ला त्यास बंधनकारक नव्हता. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांनी खेर यांना पाचारण केले. खेर यांनी उपर्युक्त आश्वासन मागितले; कायद्याने टाकलेली जबाबदारी आश्वासन देऊन सोडता येत नाही, असे उत्तर मिळाले. अन्य प्रांतांतही हेच घडले.

अंतरिम मंत्रिमंडळाची स्थापना : सरकारपुढे दोन मार्ग होते. ९३ व्या कलमानुसार घटनात्मक यंत्रणा निष्फळ ठरल्याचे घोषित करून गव्हर्नरने सर्व सत्ता हाती घ्यावी, हा एक. आणि अल्पमतातील व्यक्तींचे मंत्रिमंडळ नेमावे, हा दुसरा. नव्या राज्यघटनेचा प्रारंभच तिच्या अपयशाच्या घोषणेने होणे सरकारला नको होते. म्हणून सहा प्रांतांत अंतरिम मंत्रिमंडळे नेमण्यात आली : मद्रासमध्ये कूर्म वेंकट रेड्डी नायडू, संयुक्त प्रांतात छत्तारीचे नबाब, बिहारमध्ये बॅरिस्टर महंमद युनूस, मध्य प्रांत व वऱ्हाडात ई. राघवेंद्र राव, ओरिसात पर्लाकिमेडीचे महाराज आणि मुंबईत कूपर. यांपैकी मध्य प्रांत व वऱ्हाडात आजच्या विदर्भाचा समावेश होता. त्यामुळे सध्याच्या महाराष्ट्राच्या बहुतेक ब्रिटिश मुलखाचा कारभार या काळात अंतरिम मंत्रिमंडळांकडे होता. नवा कायदा ज्या दिवशी अंमलात आला, त्या १ एप्रिल रोजी काँग्रेसने देशभर हरताळ पाळला. त्याच दिवशी कूपर मंत्रिमंडळाची कारकीर्द सुरू झाली.

कूपर यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्यासह चार मंत्री होते. बॅरिस्टर जमनादास मेहता यांच्याकडे अर्थ व महसूल ही खाती होती. ते टिळकपंथीय, लोकशाही स्वराज्य पक्षाचे पुढारी, रेल्वे कामगारांचे नेते व मुंबईचे महापौर होते. हुबळी-धारवाड भागातील ब्राह्मणेतर पुढारी सर सिद्दप्पा तोटप्पा कंबळी यांना द्विदल काळातील मंत्रिपदाचा अनुभव होता. चौथे मंत्री हुसेनअली रहिमतुल्ला हे मुंबईतील मुसलमान पुढारी होते. महाराष्ट्र, कर्नाटक व मुंबई शहर यांना, तसेच निरनिराळ्या समाजांना प्रतिनिधित्व देण्याचा प्रयत्न या निवडीत दिसतो. तथापि या चौघांच्या मागे संघटित असा विधिमंडळ पक्ष नव्हता.

वैधतेचा वाद : अंतरिम मंत्रिमंडळे कायद्याच्या अक्षरास धरून होती. ५१ व्या कलमाने मंत्री निवडण्याचा अधिकार गव्हर्नरला दिला होता आणि विधिमंडळाची पहिली बैठक कायदा अंमलात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत बोलविली म्हणजे पुरे होते. मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिक रीत्या जबाबदार राहील, असे स्पष्ट कलम १९३५ च्या कायद्यात नव्हते. परंतु गव्हर्नरांना दिलेल्या राजाच्या आदेशपत्रात, विधिमंडळात स्थिर बहुमत मिळविण्याचा ज्याचा अधिकाधिक संभव आहे त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून मंत्री निवडावेत, अशी सूचना होती. मंत्र्यांमध्ये सामुदायिक जबाबदारीची भावना वाढीस लावावी, असेही त्यात म्हटले होते. अल्पमतातील मंत्रिमंडळ नेमणे व ते टिकावे म्हणून विधानसभाच न बोलाविणे या सूचनांशी विसंगत होते, हा टीकाकारांचा मुख्य मुद्दा होता. ब्रिटिश साम्राज्याच्या घटनाशास्त्रावरील अधिकारी लेखक आर्थर बेरिडेल कीथ यांनीही या मंत्रिमंडळांच्या घटनात्मकतेवर आक्षेप घेतला. उलट, सर तेजबहादूर सप्रू यांच्या मते काँग्रेसने मागितलेले आश्वासन गव्हर्नर कायद्याने देऊ शकत नव्हते. भारतमंत्री लॉर्ड झेटलंड यांनी ब्रिटिश संसदेत सरकारची हीच भूमिका मांडली. महात्मा गांधींनी हा प्रश्न न्यायाधीशांच्या लवादाकडे सोपवावा, असे सुचविले. पुढे त्यांनी मागणी अधिक नेमकी केली : गंभीर मतभेद झाल्यास गव्हर्नरने मंत्र्यांच्या राजीनाम्याची अपेक्षा न ठेवता त्यांना बडतर्फ करण्याची जबाबदारी स्वतः घ्यावी. असे झाले असता हस्तक्षेपाचा दोष उघडपणे गव्हर्नरकडे गेला असता.

मंत्रिमंडळाचा कारभार : विधानसभेचे अधिवेशन न भरल्यामुळे कूपर मंत्रिमंडळास एकही कायदा करता आला नाही. नवा कर बसविणे किंवा उठविणे, कर्जनिवारणाचा कायदा करणे, कूळवहिवाटीत सुधारणा करणे यांपैकी कोणतीही गोष्ट त्याच्या आवाक्यात नव्हती. ग्रामीण भागातील ज्या प्रश्नांवर काँग्रेसने डिसेंबर १९३६ च्या फैजपूर अधिवेशनात आपला शेतीविषयक कार्यक्रम मांडला होता, ते प्रश्न तसेच राहिले. मंत्रिमंडळाच्या हाती शासकीय आदेशांनी करता येण्याजोग्या गोष्टी तेवढ्या उरल्या.

अशा एका आदेशामुळेच या मंत्रिमंडळाचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात राहिले आहे. विनायक दामोदर सावरकर यांची जानेवारी १९२४ मध्ये तुरुंगातून सशर्त सुटका झाली होती. रत्नागिरी जिल्ह्यात राहावे व राजकारणात भाग घेऊ नये, अशा त्या अटी होत्या. मूळ पाच वर्षांची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आल्यामुळे ही स्थानबद्धता तेरा वर्षे चालली. तिच्या समाप्तीसाठी अनेक वर्षे मागणी होत होती. मंत्रिमंडळात सामील होताना जमनादास मेहता यांनी सावरकरांच्या मुक्ततेचा आग्रह धरला आणि १० मे १९३७ रोजी त्यांच्यावरील सर्व निर्बंध उठविण्यात आले. त्यानंतर डिसेंबर १९३७ मध्ये अहमदाबाद येथील अधिवेशनात सावरकर हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. द्विदल पद्धतीत शांतता व सुव्यवस्था हा विषय राखीव असल्याने असा निर्णय मंत्र्यांच्या कक्षेबाहेर होता. प्रांतिक स्वायत्ततेत तो मंत्र्यांच्या कक्षेत आला. काँग्रेसला जे अधिकार अपुरे वाटत होते, त्यांचा उपयोग काय होऊ शकतो, याचे हे एक उदाहरण ठरले. अधिकारग्रहणास अनुकूल असलेल्यांच्या युक्तिवादास यातून अप्रत्यक्ष पुष्टी मिळाली, असे म्हणता येईल.

मंत्रिमंडळाची समाप्ती : मे अखेरीस लॉर्ड ब्रेबर्न यांची मुंबईतील कारकीर्द संपली व सर रॉबर्ट बेल हे हंगामी गव्हर्नर झाले. सप्टेंबर अखेरपर्यंत विधानसभा बोलाविणे अनिवार्य असल्यामुळे तडजोडीची निकड दोन्ही पक्षांना जाणवू लागली होती. अधिवेशन भरताच अंतरिम मंत्रिमंडळांचा पराभव होणार, हे सहाही प्रांतांत उघड होते. २१ जून १९३७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. दैनंदिन कारभारात गव्हर्नर हस्तक्षेप करणार नाहीत, विशेष जबाबदाऱ्यांचे क्षेत्र मर्यादित आहे आणि मंत्र्यांशी संघर्ष टाळण्याचीच गव्हर्नरांची इच्छा राहील, असा त्याचा आशय होता. हे आश्वासन मागणीइतके स्पष्ट नव्हते; तरीही परिस्थितीचा विचार करून काँग्रेस कार्यकारिणीने वर्धा येथे ७ जुलै रोजी अधिकारग्रहणास संमती दिली. त्यानुसार कूपर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व १९ जुलै रोजी खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे अर्थखाते, कन्हैयालाल मुनशी यांच्याकडे गृहखाते व मोरारजी देसाई यांच्याकडे महसूल खाते होते. लठ्ठे हेही पूर्वी ब्राह्मणेतर चळवळीतील पुढारी होते. त्यांचा काँग्रेस मंत्रिमंडळातील समावेश त्या चळवळीचा कल कोठे गेला होता, हे दर्शवितो.

नव्या मंत्रिमंडळाने दोन वर्षांत लहान शेतकऱ्यांस संरक्षण, कर्जनिवारण, कूळकायदा, कायदेभंगात जप्त झालेल्या जमिनींची परतफेड व औद्योगिक कलह यांविषयी कायदे केले आणि टप्प्याटप्प्याने दारूबंदी सुरू केली. तीच राज्यघटना, तोच नोकरवर्ग आणि जवळजवळ तीच आर्थिक साधने यांच्या आधारे हे घडले. फरक विधानसभेच्या पाठिंब्याचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्या वेळी मात्र अंतरिम मंत्रिमंडळाचा प्रयोग मुंबईत पुन्हा झाला नाही. ९३ व्या कलमानुसार गव्हर्नरची राजवट सुरू झाली व ती १९४६ पर्यंत टिकली.

कूपर पुढे प्रांताच्या राजकारणात पूर्वीचे स्थान मिळवू शकले नाहीत. १९४२ च्या आंदोलनानंतर त्यांच्याच सातारा जिल्ह्यात नाना पाटील व त्यांचे सहकारी यांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्यास कायद्याचा कोणताही आधार नव्हता. परंतु अनेक गावांत लोक त्याच्या न्यायदान मंडळांपुढे आपली गाऱ्हाणी नेत. १९३७ मधील मंत्रिमंडळाची स्थिती नेमकी याच्या उलट होती. कूपर यांचे १९४७ मध्ये निधन झाले.

मूल्यमापन : समकालीन राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांनी अंतरिम मंत्र्यांकडे सरकारच्या हातातील साधन म्हणून पाहिले. लोकमताचा कौल स्पष्ट असताना मंत्रिपद स्वीकारणे व विधानसभेस सामोरे न जाणे हे लोकशाहीच्या तत्त्वाशी विसंगत होते, यात संशय नाही. दुसऱ्या बाजूस, या मंत्र्यांनी पद स्वीकारले नसते, तर ९३ व्या कलमाखाली सर्व सत्ता गव्हर्नरच्या हाती गेली असती आणि नव्या घटनेखाली मंत्री कोणती खाती चालवू शकतात हे दिसून आले नसते. काँग्रेस व सरकार यांना विचारविनिमयासाठी साडेतीन महिन्यांचा अवधी मिळाला, तो या मंत्रिमंडळांमुळेच. वाटाघाटी यशस्वी होताच त्यांनी विनातक्रार अधिकारत्याग केला, हीही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. कूपर यांच्या बाबतीत अनुभव व अधिकार यांतील तफावत विशेष जाणवते. कारखाना, लोकल बोर्ड व अर्थखाते यांतून प्रशासनाचे ज्ञान मिळविलेल्या या गृहस्थास प्रांताचे सर्वोच्च मंत्रिपद अशा वेळी लाभले की, त्या ज्ञानाचा उपयोग करून अर्थसंकल्पही विधानसभेत मांडता आला नाही.

संक्रमणकाळात आर्थिक कारभाराचा अनुभव असलेल्या व्यक्तीकडे शासन सोपविण्याचे प्रयोग पुढे दक्षिण आशियात अन्यत्रही झाले. पाकिस्तानात १९९३ मध्ये जागतिक बँकेचे माजी उपाध्यक्ष मोईन कुरेशी हे काळजीवाहू पंतप्रधान होते. बांगला देशात मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर फखरुद्दीन अहमद यांनी जानेवारी २००७ पासून सुमारे दोन वर्षे काळजीवाहू शासनाचे नेतृत्व केले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ग्रामीण बँकेचे संस्थापक, अर्थशास्त्रज्ञ मुहंमद युनूस हे तेथील अंतरिम शासनाचे मुख्य सल्लागार झाले. ही शासने निवडणुकीपूर्वी, ती घडवून आणण्यासाठी निर्माण झाली. कूपर मंत्रिमंडळ निवडणुकीनंतर, तिचा निकाल अंमलात येईपर्यंत अधिकारावर होते. या भेदामुळे त्याच्या वैधतेचा प्रश्न अधिक बिकट बनला होता. भारतात लोकसभेस सामोरे न जाता अधिकारावर राहिलेल्या शासनाचे उदाहरण म्हणून चौधरी चरणसिंग यांच्या १९७९-८० मधील मंत्रिमंडळाचा उल्लेख करता येतो.

१९३७ च्या वादातील मुद्दे भारताच्या संविधानात स्पष्टपणे निकालात काढण्यात आले. मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिक रीत्या जबाबदार असेल, हे तत्त्व आदेशपत्रात न ठेवता १६४ व्या अनुच्छेदात समाविष्ट झाले. विधिमंडळाच्या दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर असू नये, असे १७४ व्या अनुच्छेदाने ठरविले. अल्पमतातील मंत्रिमंडळ विधानसभा टाळून किती काळ टिकू शकते, हा प्रश्न मात्र नंतरही अनेक राज्यांत उपस्थित झाला. मुंबई प्रांताचा १९३७ मधील अनुभव त्या प्रश्नाचे एक आरंभीचे उदाहरण होय.